आजीच्या वह्या कोणाच्या वाट्याला?

महाराष्ट्रात नव्वदीच्या घरातली एखादी आजी गेली की त्या दिवशी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जो मजकूर फिरतो तो आता इतका ठरून गेलाय की वरचं नाव आणि फोटो बदलला की काम भागतं. मायेचा सागर, त्यागाची मूर्ती, साक्षात अन्नपूर्णा, कुटुंबाचा आधारवड, मग पश्चात दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं असा परिवार, आणि शेवटी दशक्रिया कुठे नि किती वाजता. त्यात वाईट काही नाही, दुःखात माणूस हाताशी असलेले शब्दच वापरणार. पण या बाईने सत्तर-पंचाहत्तर वर्षं काय बनवलं हे त्यात कुठेच नसतं. दुसऱ्यांसाठी किती झिजली ते असतं. फार तर शेवटी एक ओळ, "त्यांना विणकामाची व रांगोळीची आवड होती".

आजोबा गेले की बघा. कोणत्या खात्यात लागले, कोणत्या साली बढती, कुठे कुठे बदली, रिटायर झाल्यावर ज्येष्ठ नागरिक संघाचे खजिनदार, सगळं तारीखवार. त्याच वर्षांत आजीने गोधड्या शिवल्या, घरातल्या प्रत्येक बाळाचं झबलं-कुंची-दुपटं केलं, क्रोशाचे पडदे विणले, चैत्रातलं अंगण काढलं, डोहाळजेवणाला नि मुंजीला गाणी रचून म्हटली, दुसऱ्यांच्या मुलींची रुखवतं मांडून दिली, आणि याला मिळून शब्द एकच, आवड. खजिनदारकीची नोंद होते आणि गोधडीची होत नाही, यातलं जास्त टिकाऊ काय होतं ते तुम्हीच ठरवा.

मला म्हणायचंय ते असं की आजीने जे बनवलं ते तिच्या मायेची खूण म्हणून नाही, तिचं काम म्हणून जपायला हवं. कोणी केलं, साधारण कधी, कुठे राहत असताना, कसं केलं, यासकट. आणि ही जबाबदारी नुसती घरच्यांची नाही, गावातल्या ग्रंथालयाची, जिल्ह्याच्या म्युझियमची, विद्यापीठातल्या मराठी विभागाचीही आहे. हे मी भावुक होऊन म्हणत नाहीये, उलट भावना थोडी बाजूला ठेवल्याशिवाय हे जमणारच नाही, कारण भावनेला वस्तू चालते, तिची माहिती लागत नाही.

बहिणाबाईंचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे पण त्यातनं आपण भलताच धडा घेतो. बहिणाबाई चौधरी, जन्म १८८० चा, जळगावजवळच्या असोद्याच्या, लिहिता-वाचता येत नव्हतं, शेतात आणि घरात काम करता करता ओव्या रचायच्या. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची कविता पुस्तकरूपाने आली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसकट. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे, २०१८ पासून. आपण यातनं शिकतो काय, तर खरी प्रतिभा लपून राहत नाही. साफ चूक! ती अगदी आरामात लपून राहिली असती. ती राहिली नाही याचं कारण घरात सोपानदेवांसारखा मुलगा होता जो स्वतः कवी होता, ज्याला आपली आई जे म्हणतेय ते कविता आहे हे ऐकू आलं, आणि त्याने नि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी त्या ओव्या कागदावर उतरवून ठेवल्या. मग ते कागद अत्र्यांना दाखवले. या साखळीतली एक कडी काढा, समजा मुलगा कवी नसता, चांगला कष्टाळू शेतकरी असता आणि आईवर तितकंच प्रेम करणारा असता, तर आज आपल्याकडे काय असतं? "आमच्या आईला गाण्याची आवड होती" एवढंच. आणि जे उतरवलं गेलं तेवढंच उरलं, बाकीचं शेतात नि जात्यापाशीच संपलं. खानदेशात त्या काळी अशी बाई एकच होती असं मानायला माझं मन तयार नाही. लिहून घेणारा मुलगा मात्र बहुतेक एकच होता.

जात्यावरच्या ओव्यांच्या बाबतीत ही साखळी मुद्दाम बांधली गेली, नशिबावर सोडली नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघा समाजअभ्यासकांनी आणि गावोगावच्या त्यांच्या सोबतच्या बायकांनी मिळून महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या साइटवर ऐकता-वाचता येतात. आकडा मोठा आहेच, पण मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे. अमक्या गावच्या अमक्या बाईने ही ओवी म्हटली. "लोकगीत, कवी अज्ञात" असं लिहून हात झटकलेले नाहीत. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या मार्फत केलेलं संकलनाचं काम तर आधीपासून आहेच, त्या खंडांवर आपण अजून जगतोय. म्हणजे हे महाराष्ट्रात होऊ शकतं, झालेलं आहे. मग विणकामाचं, शिवणाचं, रांगोळीचं, वह्यांचं का नाही?

इथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर मी जुनं ते सोनं म्हणतेय असं वाटेल. जातं गेलं ते बरं झालं. पहाटे उठून घरादाराचं पीठ दळायचं हे काम काव्यात्म वगैरे काही नव्हतं, खांदे भरून यायचे, आणि पिठाची गिरणी गावात आली तेव्हा बायकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार. ज्यांनी कधी खुंटा धरला नाही त्यांनी जात्याचं कौतुक जरा कमी करावं. पण गिरणी आली तेव्हा ओवी म्हणायची जागाही गेली, हेही तितकंच खरं, आणि या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवता आल्या पाहिजेत.

कारण या बायकांच्या कामाचा आकार त्यांच्या वेळेने ठरवलाय. २०१९ च्या देशभरच्या टाइम यूज सर्व्हेत आकडे आले होते, स्वतःच्या घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचा त्यात रोजचा वेळ सरासरी २९९ मिनिटं आणि करणाऱ्या पुरुषांचा ९७. हे आजचं, मिक्सर-गॅस-नळ असतानाचं. आजीच्या तरुणपणी किती असेल त्याचा हिशोब कोणी ठेवलाच नाही. तर उरलेल्या वेळात, तोही सलग नाही, मधेच दूध उतू जाणार, मधेच पोर रडणार, मधेच सासरे हाक मारणार, अशा वेळात काय करता येतं? जे कुठेही सोडून परत कुठूनही धरता येतं ते. गोधडीचा टाका, क्रोशाचे खांब, दोन सुलट दोन उलट. ओवी दोन-तीन ओळींत संपते आणि हात गुंतलेले असताना म्हणता येते. कादंबरीला टेबल लागतं, दार लावून घ्यावं लागतं. म्हणून हे छोटे छोटे प्रकार बायकी नाजूकपणातनं आले असं जे मोघम बोललं जातं ते मला पटत नाही, ते वेळेच्या तुटवड्यातनं आलेत, आणि त्या तुटवड्यात राहून त्यांनी इतकी कारागिरी केली म्हणून तर त्याकडे नीट बघायला हवं.

नीट बघायचं म्हणजे काय ते एका गोधडीवरून सांगते. आमच्या आजीची, वडिलांच्या आईची, एक गोधडी माझ्याकडे आहे. आत जुन्या धोतरांचे आणि पातळांचे थर, कडेने लुगड्याचे काठ लावलेत, आणि शिवण बाहेरून सुरू होऊन चौकोनी फेऱ्यांनी आत आत जाते, साधा धावदोरा. कडेचे टाके तांदळाच्या दाण्याएवढे, मागच्या बाजूनेही तितकेच सारखे, उलटी कुठली नि सुलटी कुठली कळत नाही. मग आत जाता जाता टाके लांबत जातात, ओळ तिरकी व्हायला लागते, दोन फेऱ्यांमधलं अंतर कुठे बोटभर कुठे दोन बोटं. आणि मग एका जागी दोऱ्याचा रंग बदलतो, पांढऱ्याचा निळा होतो, आणि टाके पुन्हा बारीक, ओळ पुन्हा सरळ, थेट मधल्या चौकोनापर्यंत. आत्याला विचारलं तेव्हा कळलं की आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मधे झालं होतं, गोधडी अर्धवट तशीच वळकटी करून माळ्यावर पडली होती. म्हणजे दृष्टी जात चाललेली आणि परत आलेली, दोन्ही त्या कापडात शिवलेलं आहे. आता माझा प्रश्न असा की चष्मा लागून स्वच्छ दिसायला लागल्यावर तिने तो तिरका भाग उसवला का नाही? बाकी बाबतीत ही बाई दुसऱ्याने केलेला वाकडा टाकासुद्धा उसवून परत घालायला लावायची. कंटाळा म्हणून ठेवला, की दोरा वाया जाईल म्हणून, की मुद्दाम? कोणी विचारलं नाही. हा प्रश्न एखाद्या चित्रकाराच्या कॅनव्हासबद्दल पडला असता तर त्यावर कोणीतरी पेपर लिहिला असता.

आणि पुरुषाने हेच केलं की लगेच कला होते, हे म्हणताना मला कोणाला कमी लेखायचं नाहीये. वारली चित्रांचंच घ्या. लग्नातला चौक भिंतीवर काढायचं काम परंपरेने सवाष्णींचं, तांदळाच्या पिठाने काढायचा, आणि तो टिकावा अशी अपेक्षाच नाही. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली, बाहेर गेली, आणि जिव्या सोमा मशे हे नाव जगभर पोचलं, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते अस्सल मोठे कलावंत होते, मानाचे पुरेपूर हक्कदार होते, यात वादच नाही. पण त्यांच्या आधीच्या किती पिढ्यांच्या बायकांनी भिंतीवर हात बसवला असेल, त्यातल्या एकीचं तरी नाव आपल्याला सांगता येतं का? कागदावर आलं तेव्हाच नाव लागलं. भिंतीवर होतं तोवर ती रीत होती.

अमेरिकेत अलाबामात गीज बेंड म्हणून नदीच्या वळणातलं एक गाव आहे, गुलामीतून आलेल्या काळ्या लोकांची वस्ती, तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या, थंडीसाठी. २००२ मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये भिंतीवर टांगल्या गेल्या, खाली शिवणारीचं नाव आणि साल, २००६ मध्ये त्यांच्यावर पोस्टाची तिकिटंही निघाली. पुढे पैशावरून नि हक्कांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या, आणि ते साहजिकच आहे, नाव लागलं की मोल लागतं, मोल लागलं की भांडण आलं. आपल्याकडच्या वाकळा कलाकुसरीत त्यांच्यापेक्षा उण्या नाहीत. खाली नावाची चिठ्ठी नाही एवढंच.

आता जरा नावडतं बोलते. आजीला कलाकार मानायचं तर तिचं सगळंच सुंदर म्हणणं बंद करावं लागेल. आमच्या आजीचे लोकरीचे स्वेटर बेकार व्हायचे, बाह्या लांब, गळा डोक्यातून जात नाही, आणि टीव्हीवर घालायचं ते क्रोशाचं कव्हर तर घरात येणाऱ्या प्रत्येकाने "वा" म्हणून सोडून दिलेलं. रांगोळीत मात्र तिचा हात काय होता! बोटांतून रेघ सुटायची ती ठिपक्याला कुठेही न अडखळता वळसा घालून यायची, आणि ती नेहमीची १५ ते ८ ठिपक्यांची रांगोळी घेऊन त्यातले मधले काही ठिपके मुद्दाम सोडून द्यायची, तिथे मोकळी जागा राहायची आणि सगळी नजर तिथेच जायची. हा विचार आहे, निर्णय आहे. श्रद्धांजलीत स्वेटर आणि रांगोळी दोन्ही "त्यांच्या हाताला जादू होती" या एका वाक्यात संपतात, आणि तिने वर्षानुवर्षं कशात स्वतःला घडवलं आणि कशात नुसतं वेळ मारून नेली हे कळायचा मार्गच उरत नाही. सरसकट कौतुक करणं ही सभ्यपणे दुर्लक्ष करायची सोय आहे असं माझं स्पष्ट मत झालंय.

यावर लोक म्हणतात ते मला माहितीये. पहिलं, तिला स्वतःलाच हे आवडलं नसतं, ती म्हणायची काय त्या चिंध्या सांभाळता, टाका. हो, म्हणायची, सगळ्याच म्हणतात. पण ज्या बाईला आयुष्यभर कोणी सांगितलंच नाही की हे जपण्यासारखं आहे, ती काय वेगळं म्हणणार? तिचा शब्द मानायचा असेल तर आधी तिला खरी निवड द्यायला हवी होती. दुसरं, या वस्तू वापरायच्याच होत्या, गोधडी पांघरून पांघरून विरून जाणं हाच तिचा मान, काचेच्या कपाटात तिचं काय काम. हा मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो, मी स्वतः ती गोधडी पांघरते, नीट घडी करून ठेवलेली नाहीये. पण वापरणं आणि नोंद ठेवणं यात भांडण कुठाय? दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेजारी पट्टी ठेवून काढा म्हणजे माप कळेल, कोणाचं लुगडं कुठल्या थरात आहे ते ज्याला माहितीये त्याच्याकडून लिहून घ्या, आणि मग खुशाल पांघरा. तिसरं, जागा नाही. वन बीएचकेत माणसं मावत नाहीत तिथे आजीच्या ट्रंका कुठे ठेवणार? मान्य, म्हणूनच तर वस्तू कमी ठेवा नि माहिती जास्त ठेवा म्हणतेय. आपण नेमकं उलटं करतो, एक रुमाल फ्रेम करून हॉलमध्ये लावतो आणि तो कुठल्या टाक्याचा ते घरात कोणालाच सांगता येत नाही.

ज्यांच्या आज्या अजून आहेत त्यांचे व्हिडिओ बघते मी हल्ली. खुर्चीत बसवतात, अंगावर शाल घालतात, आणि विचारतात, "आजी, नातवंडांना काय सांगशील?" आजी बिचारी काय सांगणार, एकोप्याने राहा, मोठ्यांचा मान ठेवा. हे तर तिने रोजच सांगितलंय, त्यासाठी मोबाईल कशाला लावायचा. त्यापेक्षा तिच्या हातात सुई द्या आणि विचारा, आजी हा टाका कुठून सुरू करतेस, दोरा संपला की गाठ कुठे लपवतेस, हे कोणाकडून शिकलीस, हा नमुना तुझा की शेजारणीचा, हे गाणं तू म्हणतेस त्यात शेवटची ओळ मामी वेगळी म्हणते ती का? बोटांवर कॅमेरा धरा, चेहऱ्यावर नको. कारागिराला कारागिरीचं विचारलं की कशी बोलते बघा, आठवत नाही म्हणणारी बाई तासभर थांबत नाही.

वह्यांचं तर याहून वाईट आहे. गाणी, उखाणे, रांगोळ्या, औषधं, कोणाच्या बारशाला काय दिलं त्याची यादी, हे सगळं जुन्या डायऱ्यांत, बऱ्याचदा आजोबांना ऑफिसातून मिळालेल्या, ज्यांची तारखेची पानं आजीने हवी तशी वापरलेली. घर रिकामं करताना दागिने वाटले जातात, भांडी वाटली जातात, सातबाऱ्यावरनं भाऊ-भाऊ कोर्टात जातात, आणि वह्या रद्दीत. वहीवरून भांडण झालेलं मी आजवर ऐकलं नाही, झालं तर मला आनंदच होईल. गंमत म्हणजे कायद्याने ती वहीसुद्धा वारसाहक्कच आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत आणि गेल्यावर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे आजीने रचलेलं गाणं तिच्या वारसांचं आहे आणि उद्या कोणी परस्पर सीडीत किंवा सिरियलीत वापरलं तर विचारायचा हक्क त्यांना आहे. पण हे गाणं तिचं आहे असं दाखवायला कागद तर हवा!

म्हणून ग्रंथालयांचा मुद्दा. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं दहा हजारांच्या वर आहेत, कित्येक ठिकाणी आता वाचक पेपर चाळायलाच येतात. प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयात एक स्कॅनर आणि एक रजिस्टर ठेवायला काय लागतं? घरच्यांनी वही आणावी, स्कॅन करून वही परत न्यावी, ग्रंथालयाकडे प्रत राहावी, कोणाला काय बघू द्यायचं ते घरच्यांनी लिहून द्यावं, खासगी पानं झाकावीत. मराठीच्या, समाजशास्त्राच्या मुलांना प्रोजेक्टसाठी दरवर्षी विषय हवेच असतात, त्यांना या वह्या लावायला द्या. पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, स्वयंपाकघरातली भांडी असल्या रोजच्या वस्तूंचं म्युझियम उभं केलं तेव्हा हे काय गोळा करताय म्हणणारे असणारच, आज आपण तिकीट काढून ते बघायला जातो.

एक अडचण मात्र खरी आहे आणि ती मला कोणी सोडवून दिलेली नाही. नाव कोणतं लिहायचं? त्या पिढीत लग्नात आडनावच नाही, पाळण्यातलं नावही बदलायचे. रुखवतातला कशिदा माहेरच्या नावाने केलेला, गोधडी सासरच्या नावाने, गाण्याच्या वहीवर नुसतं "सौ." आणि नवऱ्याचं नाव, आणि गावात सगळे ओळखायचे ते तिसऱ्याच हाकेने, माई किंवा जिजी. घरातल्या कोणालाच सगळी नावं माहीत नसतात, माहेरच्या गावी फोन करून विचारावं लागतं, आणि तिथे सांगणारं कोणी उरलं असेल तर आत्ताच करावा लागतो. माझं म्हणणं, सगळी लिहा, आधी माहेरचं, मग बाकीची. रजिस्टरच्या रकान्यात मावत नसतील तर रकाना मोठा आखून घ्या.